नागपूर म्हणजे नुसतं सावजी नाही हो

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पर्यटन पुरवणीतला 'नागपुरात काय खावं' हा लेख वाचला. अर्ध्याच्या वर जागा सावजीला, तीही किती जाळ लागते आणि किती घाम फुटते एवढ्यासाठीच, आणि शेवटी दोन ओळी संत्रा बर्फीच्या. झालं नागपूर!

सावजीवर माझा राग नाही, उलट जीव आहे. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातला स्वयंपाक तो, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, मिरे, लवंग सगळं भाजून वाटायचं, जुने लोक जवसाचं तेल वापरायचे, खरी चव त्या भाजण्यात आहे. पण रीलवाल्यांनी त्याची पार पैज करून टाकली, कोण रडते कोण नाही हेच पाहून राहिले सगळे. मटण न खाणाऱ्यांनी डाळकांदा मागावा एवढं तरी लिहायचं ना.

आणि वडाभात कुठे गेला? तूर, चणा, मूग, उडीद, मठ अशा डाळी भिजवून जाडसर वाटायच्या (बारीक वाटली की संपलं, वडा दगड होते), मिरची-मीठ घालून वडे तळायचे, मग गरम मोकळ्या भातावर ते हाताने कुस्करायचे आणि वरून मोहरी, हिंग, लाल मिरचीचं कडकडीत तेल ओतायचं. तो चर्र आवाज आला की घरातले सगळे न बोलावता पानावर येऊन बसतात. सोबत कढी. पण हे हॉटेलात फारसं मिळतच नाही, पाहुण्याला कोणाच्या घरी जेवायला बोलावणं आलं तरच. पाटोडी रस्सा (बेसनाच्या वड्यांचा), सांबारवडी (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) यांचंही थोडंफार तसंच.

ताडोबा-पेंचला जाणारे किती लोक नागपूरला उतरतात, स्टेशनवरून नाहीतर विमानतळावरून सरळ टॅक्सीत बसून जंगलात. तिथे रिसॉर्टवाले त्यांना काय खाऊ घालतात तर पनीर बटर मसाला अन् हक्का नूडल्स. आमचे पुण्याचे पाहुणे मागच्या हिवाळ्यात अशाच एका ठिकाणी राहिले, वाघ दिसला पण ज्वारीची भाकर अन् ठेचा काही दिसला नाही म्हणे. परत जाताना त्यांना सकाळी ठेल्यावर तर्री पोहे खाऊ घातले, चण्याचा पातळ रस्सा वरून दोनदा मारून, तेव्हा कुठे चेहरे खुलले.

संत्र्याचं तर बोलूच नका. 2014 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्याची) फळं ऑक्टोबर ते डिसेंबर येतात आणि मृग बहाराची (पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची) साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, हे बाहेरच्याला कोण सांगणार? तो ऐन मे महिन्यात येऊन संत्री शोधते. थंडीत आला तर कोणी त्याच्या गळ्यात पंजाबचा किन्नू मारते. आपल्या संत्र्याची साल ढिली, नखाने सहज सुटते, किन्नूची घट्ट चिकटलेली आणि आत बियाच बिया. छापायचं तर हे छापा, लोकांचे पैसे वाचतील.

पर्यटन खात्याला पण एक विनंती, स्टेशनबाहेर बचत गटाच्या बायांना वडाभात आणि पाटोडीचा एक स्टॉल द्या, निदान अधिवेशनाच्या डिसेंबरात तरी, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रातून लोक इथे येतात.

– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर