सतरा नंबरची नळी

मिरज,
१२ डिसेंबर

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार.

गणपतीत आलेल्या तुझ्या पत्राला दिवाळी उलटली तरी मी उत्तर दिले नाही, आणि आज लिहायला बसलो आहे तोही शिष्टाचार म्हणून नव्हे. सतरा नंबरच्या नळीचा निकाल आला आहे आणि तो ज्याला सांगावा असा तुझ्याशिवाय दुसरा माणूस मला दिसत नाही. माझी साखर ताब्यात आहे, आईचे गुडघे होते तसेच आहेत. क्षेमकुशल एवढ्यावर आटोपतो.

फ्रीजर बदलायचा म्हणून गेल्या महिन्यात पायाच्या धमन्यांच्या आपल्या अभ्यासातल्या रक्तनमुन्यांच्या, उणे ऐंशी अंशांतल्या पेट्या उपसाव्या लागल्या. हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारे एनटी-प्रोबीएनपी साठवलेल्या प्लाझ्मात मोजायचे राहून गेले आहे, तेवढे उरका, असे सरांनी निवृत्त होताना सांगितले होते. नुसते बीएनपी असते तर मी त्या वाटेला गेलोच नसतो, कारण ते नळीत फार टिकत नाही. परंतु १०८ अमिनो आम्लांच्या मूळ साखळीतून ३२ चे बीएनपी वेगळे झाल्यावर जो ७६ चा एनटी-प्रोबीएनपी हा तुकडा उरतो, तो नीट गोठवला तर वर्षानुवर्षे तग धरतो. (डुकराच्या मेंदूत १९८८ साली प्रथम सापडले म्हणून हृदयाच्या या रसायनाला जन्मभर मेंदूचे नाव लागले, यावर तू केलेला तो विनोद मी नव्या मुलांना सांगितला. कुणीही हसले नाही.)

सतरा नंबरचा आकडा आला ३,६४० पिकोग्रॅम. माझा पहिला संशय तुझ्या अक्षरावर गेला. तुझा १ हा ९ सारखा दिसतो, त्यावरून सरांनी तुला सगळ्यांदेखत झापले होते, आणि तू मात्र वर्षभर शाईला दोष देत राहिलास. म्हणून मी सत्त्याण्णव नंबर शोधला. तो आपल्या जागी व्यवस्थित होता आणि त्याचा आकडा अगदी साधा निघाला. मग सतराची दुसरी नळी काढली, लेबलावरचे हिम अंगठ्याने पुसले, वितळू दिली, पुन्हा मोजली. ३,५८०. मूत्रपिंड बिघडले असेल तर हा आकडा फुगतो, म्हणून क्रिएटिनिन पाहिले. ते ठीक होते. कर्णिकांची लय बिघडली तरी फुगतो, म्हणून त्या दिवसाचा ईसीजी पाहिला. लय सरळ होती. बाह्यरुग्णात १२५ च्या वर गेले की आपण भुवया उंचावतो, हे तुला सांगायला नको.

आणि सतरा म्हणजे कोण, हे नावांची यादी न उघडता आपल्या दोघांनाच माहीत आहे. “लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, त्यांतली पहिली सतरा माझ्याच वाट्याला,” असे म्हणत मामांनी बाही वर केली होती आणि तू त्यांना भज्यांची लाच दिली होतीस.

आता आपले जुने भांडण काढतो. २००७ साली स्टॅनफर्डच्या लोकांनी पायाच्या धमन्या अरुंद होण्याच्या आजारात बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन हे रक्तातले प्रथिन वाढलेले दाखवले, तो निबंध तू खिशात घालून हिंडत होतास आणि पायाचे दुखणे रक्तातून ओळखणारी चाचणी आपणच काढणार, असे चहावाल्यालाही सांगत होतास. मी म्हणत होतो की, रक्त पत्ता सांगत नाही. दाह दाखवणारे सीआरपी दाढ सुजली तरी वाढते, रक्ताच्या गुठळीची खूण मानले जाणारे डी-डायमर कशानेही वाढते, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन मूत्रपिंड थकले की वाढते. त्यापेक्षा घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून भागाकार करावा, तो ०.९० किंवा त्याहून कमी आला की निदान झाले, खर्च रक्तप्रवाह ऐकवणाऱ्या एका डॉप्लर यंत्राचा आणि पंधरा मिनिटांचा. अजूनही मी तेच म्हणतो. त्या भांडणात तू हरलास, हे मला आजही लिहून हवे आहे. एनटी-प्रोबीएनपीचा पत्ता मात्र पक्का असतो, कारण ते ताणलेल्या हृदयाच्या भिंतीतूनच येते. म्हणजे पायाच्या अभ्यासात आपण पायाचा आकडा शोधत राहिलो आणि पेटीत सगळ्यांत स्पष्ट बोलले ते हृदय.

मामांच्या बाबतीत ते कुणाला कळले कसे नाही, याचा मी आठ दिवस विचार केला. पोटरी भरून येते म्हणून मामा दीडशे पावलांवर थांबतात, कधी पानाच्या टपरीपाशी, कधी कुणाच्या ओट्यापाशी, आणि पुढे जायला जमते तेव्हा जातात. ज्याला धाप लागावी एवढे पाय चालूच देत नाहीत, तो धाप लागते असे कसे सांगणार? डॉक्टर विचारतात, “दम लागतो का?” मामा प्रामाणिकपणे सांगतात, “नाही.”

यात खरी भीती वेगळीच होती. चार वर्षांपूर्वी आपण रक्त घेतले, त्यानंतर दोन वर्षांनी मामांना पायासाठी सिलोस्टॅझॉल सुरू झाले. पायाला त्याने खरोखर गुण आला. बायकोला घेऊन देवळापर्यंत जाऊ लागले. परंतु हृदय निकामी होत असेल, मग ते थोडे असो वा फार, तर हे औषध द्यायचे नाही, असा त्यावर ठळक इशारा आहे, कारण त्याच कुळातल्या मिल्रिनोन या औषधाने १९९१ च्या चाचणीत हृदय निकामी झालेल्या गंभीर रुग्णांचे मृत्यू २८ टक्क्यांनी वाढवले होते. लिहून देणाऱ्याचा दोष मी कसा मानू? त्याच्यासमोर दम न लागणारा माणूस बसला होता. दम लागल्याचा पुरावा माझ्या फ्रीजरमध्ये होता, न मोजलेला.

मी मामांकडे गेलो. नळीविषयी चकार शब्द काढला नाही. त्यांच्या अंथरुणावर दोन उशा आणि त्यांच्याखाली गुंडाळलेली सतरंजी होती. मी विचारले तेव्हा मामी म्हणाल्या, “पंखा नीट लागत नाही म्हणून उंच झोपतात.” मी बोलता बोलता त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. मामा नातवाच्या शाळेच्या फीविषयी बोलत होते, ते बोलून झाले, पोहे आले, तरी तो खळगा भरला नव्हता. “वयानुसार एकदा तपासून घेऊ,” असे म्हणून मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञ बाईंकडे नेले. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या जवनिकेची रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता ३० टक्क्यांच्या आसपास निघाली. सिलोस्टॅझॉल त्याच दिवशी बंद झाले, हृदयाची औषधे सुरू झाली, सूज ओसरली, सतरंजी कपाटात गेली. पाय मात्र पुन्हा दीडशे पावलांवर आला आहे आणि त्यावरून मामा माझ्यावर रागावलेले आहेत. तुला एकाएकी कसे सुचले, असे त्यांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा मी विषय बदलला.

कारण, मधू, ते वाक्य माझे आहे. “या संशोधनातील वैयक्तिक निष्कर्ष सहभागी व्यक्तीस कळविले जाणार नाहीत.” संमतिपत्राचा मराठी मसुदा मी केला आणि ती ओळ किती नेटकी झाली म्हणून मी खूष होतो. त्यात कुणाच्या जिवाचे काही सापडले तर काय करशील, असे तू विचारले होतेस. तेव्हा मी तुझ्या तोंडावर २०१७ ची गाइड-इट चाचणी फेकली, ज्यात ८९४ रुग्णांमध्ये एनटी-प्रोबीएनपीच्या आकड्याच्या मागे लागून औषधे ठरवूनही नेहमीच्या उपचारांपेक्षा काही अधिक साधले नाही. त्या दिवशी मी वाद जिंकला. पण ते रुग्ण आजार माहीत असलेले होते, त्यांच्यावर उपचार चालू होते. मामांना तर आजार असल्याचेच ठाऊक नव्हते. तुझ्या प्रश्नाला माझे उत्तर लागूच पडत नव्हते, आणि ते तुझ्याही लक्षात आले नाही, याचा मला थोडा रागही येतो.

पेटीतल्या आणखी काही नळ्या हजाराच्या वर गेल्या आहेत. त्या कुणाच्या, मला माहीत नाही. त्यांनी रक्त देताना विनोद केला नाही, किंवा केला असला तरी माझ्या लक्षात राहिला नाही, म्हणून त्यांच्या घरी जाऊन उशा मोजायला मी जाऊ शकत नाही. मामांसाठी मी नियम वाकवला आणि इतरांसाठी नियमाकडे बोट दाखवतो आहे, हे मला रात्री झोपू देत नाही. यादी सरांच्या सहीच्या बंद पाकिटात आहे. ते फोडायला नैतिकता समितीची परवानगी लागते आणि ती लागावी, यावर माझा विश्वास अजून आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत साठवलेल्या नमुन्यांवर आख्खे प्रकरण आहे. ते मी या आठवड्यात प्रथमच शेवटपर्यंत वाचले, हे कुणाला सांगू नकोस.

तुझे घर बदलल्याचे कळले. ग्लासगोच्या थंडीत वहिनींच्या पाठीने त्रास देऊ नये. छकुलीला मराठी वाचता येऊ लागले असेल, तर हे पत्र तिच्या हाती देऊ नकोस. तुझ्या बढतीविषयी सविस्तर पुढच्या पत्रात लिहीन, हे मी मागच्या पत्रातही लिहिले होते, त्याबद्दल क्षमस्व.

समितीची बैठक जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. पाकीट उघडावे, जास्त आकडा आलेल्या प्रत्येकास बोलावून ताजे रक्त तपासावे आणि गरज पडल्यास इको करावा, असा अर्ज मी केला आहे. मामांकडे आधीच गेलो होतो, हेही त्यात लिहिले आहे. सहसंशोधक म्हणून तुझी सही लागेल. अर्ज सोबत पाठवतो. स्कॅन चालेल. समितीने विचारले तर त्या ओळीला तुझा विरोध होता, हे तू अवश्य सांग; मी नाकारणार नाही.

तुझा,
बाळ

ता. क. — सहीखाली तारीख घालशील तेव्हा १ कृपा करून १ सारखा काढ.