सातचं अस्वल आणि साडेसातच्या बातम्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पूर्व युरोपातल्या जुन्या टीव्ही मालिकांवरचा लेख वाचला. कम्युनिस्ट राजवटीतले कार्यक्रम तिकडे आजही आवडीने पाहिले जातात, त्या अर्थी लोकांना ते दिवस परत हवेसे वाटतात, असा त्याचा सूर होता. मला तो पटला नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या लेकीचं सासर पोलंडमध्ये, लुब्लिन शहराला लागून असलेल्या श्विद्निक या गावी आहे. (आम्हा कोल्हापूरकरांना पोलंड तसा परका नाही. दुसऱ्या महायुद्धात वळिवड्याच्या छावणीत हजारो पोलिश निर्वासित राहिले, त्यांच्या गोष्टी माझ्या आईच्या तोंडून ऐकतच आम्ही वाढलो.) लेकीकडे माझं दरवर्षी जाणं असतं. त्या घरात एकाच टीव्हीच्या इतक्या निरनिराळ्या आठवणी ऐकल्या, की 'लोकांना वाटतं' हे शब्द वाचले की मी आधी विचारते, कोणत्या वयाच्या लोकांना?

जावई १९७४ चा. त्याच्या लहानपणी रोज संध्याकाळी सात वाजता मुलांसाठी झोपण्याआधीची छोटी फिल्म लागायची. तिला 'दोब्रानोत्स्का' म्हणत. त्यात एक कान लोंबणारं अस्वल यायचं, मिश उशातेक. वूच शहरातल्या स्टुडिओत बाहुल्या हलवून केलेलं. त्याची धून अजूनही कुठे कानावर पडली, की पन्नाशी ओलांडलेला हा माणूस हातातलं काम ठेवतो. साडेसात वाजले की मुलांनी अंथरुणात शिरायचं आणि मोठ्यांच्या बातम्या सुरू व्हायच्या, 'जेन्निक'. म्हणजे संच तोच, खोली तीच, सोफाही तोच. साडेसातच्या आधीचं जावयाच्या वाट्याला आलं आणि नंतरचं विहीणबाईंच्या.

१३ डिसेंबर १९८१ हा रविवार होता. सकाळी नऊ वाजता 'तेलेरानेक' लागायचा, सुरुवातीला आरवणारा कोंबडा असलेला मुलांचा कार्यक्रम. सात वर्षांचा जावई वाट बघत बसला आणि कोंबडा काही आरवला नाही. पडद्यावर नुसत्या मुंग्या, आणि पुढे लष्करी गणवेशातले पंतप्रधान जनरल यारुझेल्स्की. 'सॉलिडॅरिटी' ही कामगारांची सरकारविरोधी चळवळ मोडण्यासाठी देशात लष्करी कायदा लागू झाला होता. त्या वयाच्या पोलिश माणसाला लष्करी कायद्याबद्दल विचारा, बहुतेक जण आधी हेच सांगतात: त्या दिवशी तेलेरानेक लागला नाही. विहीणबाईंच्या मनात तो दिवस वेगळाच आहे. फोन बंद, भाऊ दुसऱ्या गावी, आणि त्याला पकडलंय की नाही हे कळायला मार्ग नाही. पुढे निवेदकही गणवेश घालून बातम्या देऊ लागले. कित्येक नामवंत नटांनी निषेध म्हणून टीव्हीवर काम करायचं थांबवलं. "ओळखीचे चेहरे दिसेनासे झाले, त्यावरूनच कोण आपलं ते कळायचं," असं त्या म्हणतात.

आता श्विद्निकचं सांगते, कारण आपल्या लेखात याचा उल्लेखही नव्हता. ५ फेब्रुवारी १९८२ पासून या गावातले लोक बरोबर साडेसातला, बातम्या लागायच्या वेळी, घराबाहेर पडून मुख्य रस्त्यावर फिरू लागले. घोषणा नाहीत, फलक नाहीत. कडाक्याच्या थंडीत बायका-माणसं, म्हातारीकोतारी, कडेवर पोरं, नुसती येरझाऱ्या घालायची. खोटं ऐकायला आम्ही घरी नाही, एवढंच त्यातून सांगायचं होतं. काहींनी जाताना टीव्ही खिडकीत ठेवले, पडदा रस्त्याकडे करून. सरकारला ते सोसवलं नाही आणि श्विद्निकमध्ये संचारबंदी अलीकडे ओढून संध्याकाळपासूनच लावली. तेव्हा लोक पाच वाजताच्या बातम्यांना फिरायला निघाले. हे लोण लुब्लिनला आणि इतर शहरांतही पोहोचलं.

विहीणबाईंनी मला ती खिडकी दाखवली. तळहाताएवढी रुंद कड. संच जड होता. व्याही खालून धरायचे, या मागून वायर सैल सोडायच्या, आणि टीव्हीवरचा विणलेला रुमाल आधी घडी घालून कपाटात ठेवायच्या. रुमाल काढायला त्या एकदाही विसरल्या नाहीत. हे सांगताना त्यांचा हात त्या कडेवरून आपोआप फिरत होता.

त्याच संध्याकाळची जावयाची आठवण ऐका. अस्वल 'शुभ रात्री' म्हणालं, की झोपायच्या ऐवजी आई गरम टोपी घालायची आणि सगळे बाहेर. रस्त्यावर वर्गातली अर्धी पोरं, पायाखाली बर्फ, बाबांचा हात. तो म्हणतो, "तो माझ्या लहानपणातला सगळ्यात मजेचा महिना." टीव्ही खिडकीत का ठेवतात, तर रस्त्यावरच्या लोकांनाही बघता यावा म्हणून, अशी त्याची समजूत होती! हे त्याने जेवणाच्या टेबलावर सांगितलं तेव्हा विहीणबाई कितीतरी वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्याला मजा वाटली, ते बरंच झालं. आम्ही घाबरलोय हे त्याला दिसू दिलं नव्हतं."

संपादक महोदय, या माणसाला अस्वलाची धून गोड वाटते ती आईवडिलांनी भीती स्वतःपाशी ठेवली म्हणून. त्या गोडव्याचं श्रेय राजवटीला कसं द्यायचं?

विहीणबाईंच्या आईची आठवण याहूनही निराळी होती. त्या शेतमजुराच्या घरातल्या. साठच्या दशकात घरात टीव्ही आला आणि सोमवारी रात्री त्यावर नाटक लागायचं. नाट्यगृहाची पायरीही न चढलेल्या त्या बाईने मोठमोठ्या नटांची कामं शेजारणींसोबत घरात बसून पाहिली. त्यांच्यापुरतं बोलायचं तर तेही खरंच.

व्याह्यांना मात्र यातलं काहीच सहन होत नाही. दुसऱ्या महायुद्धातले चार रणगाडेवाले आणि शारिक नावाचा कुत्रा यांची १९६६ ला सुरू झालेली मालिका पुन्हा लागली, की जावई बघत बसतो आणि व्याही उठून बागेत जातात. रशियन सैन्याने पोलंडमध्ये जे केलं त्यातलं काय काय या मालिकेतून गाळलंय, ते त्यांना पाठ आहे. त्यांच्याजवळ टीव्हीची एकच चांगली आठवण आहे, २८ ऑक्टोबर १९८९ ची. योआन्ना श्चेप्कोव्स्का ही अभिनेत्री त्याच 'जेन्निक'मध्ये म्हणाली, की ४ जून १९८९ ला पोलंडमधला कम्युनिझम संपला. ४ जून म्हणजे कम्युनिस्ट ज्यात हरले त्या निवडणुकीचा दिवस. व्याही सांगतात, निवडणूक जिंकून पाच महिने होत आले होते, पण त्या पडद्यावरून ऐकलं तेव्हा पहिल्यांदा विश्वास बसला. पुढच्या महिन्यात 'जेन्निक' बंदच झालं.

चौदा वर्षांच्या माझ्या नातीला हे सगळं मोबाइलवर दिसतं, दोन-दोन मिनिटांचं, मागचंपुढचं काही नसलेलं. गणवेशातला निवेदक बघून तिला वाटलं, कुठल्या तरी सिनेमातला प्रसंग असावा. आपल्या लेखासारखे लेख वाचून तिच्या पिढीने काय समजून घ्यायचं?

गेल्या उन्हाळ्यात तिने आजीला खिडकीपाशी बसवून सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. पावणेदोन तास भरलं. ते मला मराठीत समजावून द्यायला लेकीच्या दोन संध्याकाळी गेल्या. आजोबांचं बोलणं घ्यायचं राहिलंय, ते अजून तयार होत नाहीत. मे महिन्यात मी जाणार आहे, तेव्हा पुन्हा विचारून बघू. जमलं तर आपल्याला कळवेन.

आपली,
एक जुनी वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर