रॉक्सीतली संध्याकाळ

सॅन फ्रान्सिस्को,
२६ मे

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले, उत्तराला उशीर झाला याबद्दल क्षमा कर. तुमच्या महाविद्यालयाचा लघुपट महोत्सव सभागृहातच भरवावा की बाहेर एखादे थिएटर घ्यावे, हा तुझा प्रश्न होता. माझे मत तेव्हाही होते, पण इथल्या सिटी कॉलेजच्या चित्रपट विभागाचा ‘सिटी शॉर्ट्स’ हा रॉक्सी थिएटरातला महोत्सव तोंडावर आला होता, त्यामुळे तो पाहूनच लिहावे असे ठरवले.

आधी या कॉलेजाविषयी सांगतो, कारण कम्युनिटी कॉलेज म्हटले की आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग डोळ्यांपुढे येतात. १९३५ साली सुरू झालेल्या या कॉलेजात प्रवेशाला ना गुणांची अट आहे, ना वयाची कमाल मर्यादा. दोन वर्षे शिकून कुणी विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जातो, तर कुणी हाताला कसब घेऊन कामाला लागतो. २०१२ नंतर जवळजवळ पाच वर्षे त्याच्या मान्यतेवर टांगती तलवार होती. जानेवारी २०१७ मध्ये मान्यता टिकली आणि त्याच वर्षापासून शहरातल्या रहिवाशांचे शिक्षण शुल्क माफ झाले. हे झाले नसते तर चाळिशी उलटल्यावर कॅमेरा हातात धरण्याचे धाडस मी केलेच नसते.

आमच्या वर्गात सोळा मिलिमीटरच्या फितीवर चित्रीकरण शिकवले. कॅमेरा बोलेक्स, चावी देऊन चालणारा. पूर्ण चावी दिली तरी अर्ध्या मिनिटाच्या आतच तो थांबतो, आणि शंभर फुटांचे रीळ पावणेतीन मिनिटांत संपते. त्यामुळे कॅमेऱ्याची कळ दाबण्यापूर्वी माणूस कितीतरी वेळ नुसता बघत राहतो. मोबाईलवर तासन्‌तास टिपत राहणाऱ्या तुझ्या विद्यार्थ्यांना हा अनुभव एकदा तरी द्यायला हवा, असे मला मनापासून वाटते.

माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ साठीच्या घरात आलेले, व्यवसायाने बसचालक. इथे अनेक मार्गांवर डोक्यावरच्या तारांतून वीज घेणाऱ्या बसगाड्या धावतात. वळणावर कधी गाडीचा दांडा तारेवरून सुटतो, गाडी जागच्या जागी उभी राहते, मग चालक हातमोजे चढवून खाली उतरतो आणि मागच्या बाजूची दोरी ओढून दांडा पुन्हा तारेला लावतो. त्यांनी एवढेच टिपले होते. आपल्या सहकाऱ्याचे हात, ताणलेली दोरी, वर डोळे लावून उभा असलेला माणूस, आणि काचेतून घड्याळाकडे पाहणारे उतारू. आवाज त्यांनी स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केला होता. वर्गातल्या छोट्या पडद्यावर मी ही फिल्म चार वेळा पाहिली होती आणि ती मला नीटनेटकी वाटली होती, इतकेच.

रॉक्सी हे मिशन भागातल्या सोळाव्या रस्त्यावरचे जुने चित्रपटगृह आहे, मूकपटांच्या काळापासूनचे. तिथे दिवे मालवले, दांडा तारेला लागतानाचा तो ‘खट्’ आवाज भिंतींवरून आला आणि सगळ्या प्रेक्षकांनी एकदम ‘हुश्श’ केले. त्यांतल्या बहुतेकांनी ते दृश्य रस्त्यावर कितीदा तरी पाहिले असणार, उशीर होतो म्हणून चडफडत पाहिले असणार. आमचे हे गृहस्थ मात्र पडद्याकडे पाहतच नव्हते, मान मागे वळवून लोकांचे चेहरे पाहत होते.

माझी फिल्म चार मिनिटांची होती. तिचा आवाज मी घरी कानाला हेडफोन लावून जुळवला होता. रॉक्सीत रस्त्याच्या गोंगाटाखाली आईचे बोलणे पार बुडाले, आणि जे वाक्य ऐकू यावे म्हणून सारा खटाटोप केला होता तेच कुणाला ऐकू गेले नाही. मला फार वाईट वाटले. रात्री झोप लागली नाही. पण आवाज कुठे चुकला हे जे त्या खुर्चीत बसून कळले, ते महाविद्यालयाच्या सभागृहात, पंख्यांच्या घरघरीत आणि मित्रांच्या टाळ्यांत, कधीच कळले नसते.

म्हणून सांगतो, थिएटर घे. पुण्यातल्या विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात आपण दोघे सायंकाळचे खेळ पाहायचो, तेव्हा शेजारी कोण बसले आहे हे आपल्याला ठाऊक नसायचे. तसा अनोळखी शेजारी तुझ्या मुलांच्या फिल्मना मिळायला हवा. इथल्या, सॅन फ्रान्सिस्कोच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने १९५७ साली, आपल्या पहिल्याच वर्षी, सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक दिले होते. तो चित्रपटही जाहिरात कंपनीतली नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवसांत चित्रीकरण करत सुरू झाला होता. तेव्हा प्रवेशिका केवळ नियमित विद्यार्थ्यांपुरत्या ठेवू नकोस. तुमच्या रात्रवर्गातल्या, दिवसा दुकानात नाहीतर कारखान्यात राबणाऱ्या मुलांनाही बोलाव.

सकाळचा खेळ घेतलास तर भाडे बहुधा कमी लागेल. दिवसभर नको, दोन तास पुरेत, आणि आदल्या दिवशी प्रत्येकाला आपल्या फिल्मचा आवाज त्याच पडद्यासमोर बसून तपासू दे. त्यासाठी तासाभराचे जादा भाडे पडले तर ते माझ्याकडून घे, यात संकोच करू नकोस. तारीख ठरली की कळव. वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनय