आवाज गिअरबॉक्सचा नाही, बाबा

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

आईने पाठवलेली आपल्या जिप्सीच्या (फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या) किरकिरीची रेकॉर्डिंगं पुन्हा पुन्हा ऐकली. गॅरेजवाले म्हणतात तसा हा गिअरबॉक्स नाही. त्यामुळे बॉक्स उतरवायचं काम मी फोन करून थांबवलंय. बाबा, तुम्हाला न विचारता केलं, पण बॉक्स एकदा खोलला की सील, बेअरिंगं, सिंक्रो रिंगा अशी यादी वाढत जाते आणि मूळ आवाज तसाच राहतो, हे तुम्हीच मला सांगितलेलं आहे. जिप्सी विकायची नाहीये, हेही इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढचं तुम्ही वाचणारच नाही. फक्त दुरुस्ती होईपर्यंत ती अंगणातून बाहेर जाणार नाही. चावी आईकडे.

बॉक्स का नाही, ते सांगते. सपाट रस्त्यावर तुम्ही पाय सोडून गिअर न्यूट्रल केलात, इंजिन मंदावलं, तरी किरकिर गाडीच्या वेगाबरोबरच चालू राहिली. म्हणजे इंजिन, क्लच आणि बॉक्सची इंजिनाकडची बाजू यातून सुटली. दुसरी परीक्षा फिटरने अंगणात करायची: चारही चाकांना उटी (ठोकळे) लावायची, हँडब्रेक ओढायचा, ट्रान्सफर केसचा (बॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीचा) दांडा न्यूट्रलला आणि गिअर तिसऱ्यात. मग क्लच सोडला की गाडी उभी राहते, पण बॉक्स आणि बॉक्सपासून ट्रान्सफर केसपर्यंतचा आखूड शाफ्ट फिरतात. तेव्हा शांत असेल तर दोष बहुतेक त्या आखूड शाफ्टनंतरच्या भागात. बहुतेक अशासाठी म्हणते, की या परीक्षेत भार नसतो. त्या वेळी गाडीच्या पुढे-मागे कोणी उभं राहायचं नाही. दांड्याला नुसता धक्का लागला तरी गाडी उडी मारते.

आई, आता एक काम तुझं. मागच्या चाकावर खडूने ठळक रेघ ओढ. फिटरला अंगणातल्या अंगणात चालण्याच्या वेगाने गाडी न्यायला सांग आणि तू बाजूने चाल, हातभर लांब राहून. रेघेच्या एका फेऱ्यात किर्र एकदाच वाजलं तर दोष चाकात किंवा ब्रेकमध्ये. तीन-चारदा वाजलं तर शाफ्टमध्ये, कारण डिफमुळे (चाकांच्या मधल्या गिअरपेटीमुळे) शाफ्ट चाकाच्या जवळजवळ चौपट फिरतो. रेकॉर्डिंगमध्ये मला ते फार भरभर ऐकू येतंय, म्हणून माझा संशय क्रॉसवरच (शाफ्टच्या टोकाच्या अधिकच्या खुणेसारख्या जोडावरच) आहे. मग पुढच्या दोन्ही चाकांचे हब ‘फ्री’ करून पुन्हा तसंच. गाडी टू हायमध्ये (ताकद फक्त मागच्या चाकांना) असताना हब फ्री केले की पुढचा शाफ्ट थांबतो. आवाज गेला तर क्रॉस पुढचा, राहिला तर मागचा किंवा मधला.

जिप्सीत शाफ्ट तीन आणि क्रॉस सहा. ट्रान्सफर केस बॉक्सपासून सुटी बसवलेली असल्यामुळे मध्ये तो आखूड शाफ्ट येतो, आणि ग्रीस मारताना नेमका तोच राहून जातो. पावसाळ्यात पऱ्ह्यातून गाडी काढली की क्रॉसच्या टोप्यांमधलं ग्रीस धुऊन जातं, आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडतात, गंजतात आणि मग किर्र सुरू होतं. टोपीच्या कडेला तांबडी भुकटी दिसली की तो क्रॉस संपला. रिव्हर्समधून पहिल्यात टाकताना जे ‘खट्’ होतं, ते त्याच झिजेचं. उटी लावलेल्या गाडीचा दांडा न्यूट्रलला ठेवून शाफ्ट हाताने पिळला की योक (क्रॉसला धरणारा चिमटा) आणि क्रॉसमधला प्ले डोळ्यांनी दिसतो. तिथे थोडासुद्धा प्ले चालत नाही.

ही तपासणी आजच्या आज व्हायला हवी, कारण क्रॉस चालत्या गाडीत तुटला तर शाफ्टचं सुटलेलं टोक रस्त्यात रुततं. आंबा घाटाच्या उतारावर मागचा शाफ्ट गेला तर टू हायमध्ये गाडीला रोखणारी इंजिनाची ओढही जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आणि बाबा, डांबरी रस्त्यावर फोर हाय (चारही चाकांना ताकद) लावायचं आता सोडा. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, मधे डिफ नाही, तो सगळा पीळ क्रॉस आणि गिअर सोसतात. चिखल संपला की टू हाय.

फिटरला दोन गोष्टी बजावून सांगा. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर (टोकाच्या बोल्ट लावलेल्या चकतीवर) आणि सरकणाऱ्या जोडावर रंगाची खूण करायची. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत बसले नाहीत तर किर्र जाईल आणि थरथर येईल. आणि टोपी ठोकताना एखादी सुई आडवी पडली तर सर्क्लिप (टोपी अडकवून ठेवणारी कडी) खाचेत बसत नाही. तशी जबरदस्तीने बसवलेली टोपी महिन्याभरात बाहेर येते. ग्रीस चारही टोप्यांतून नवं दिसेपर्यंत मारायचं. तेलंही बघूनच घ्या: आधी भरायचा बोल्ट उघडायचा, मगच खालचा. ट्रान्सफर केसमध्ये साधारण 0.8 लिटर, मागच्या डिफमध्ये 1.5, पुढच्यात 2. चुंबकावर राखाडी लेप असेल तर काळजी नाही, पण टोचणारा कीस निघाला किंवा तेल दुधाळ दिसलं तर मला फोटो पाठवा.

गाडीखाली तुम्ही जायचं नाही. गुडघ्यांसाठी म्हणतेय, दुसरं काही नाही.

खरं तर दुसरंही आहे. तुम्ही म्हणता आवाज कमी झालाय, आई म्हणते वाढलाय, आणि दोघांचंही खरं आहे. वयाबरोबर कानातून आधी वरच्या पट्टीतले बारीक आवाज जातात, जाड आवाज राहतात. म्हणून ‘खट्’ तुम्हाला बरोबर सापडलं आणि ‘किर्र’ आईला. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ माझ्या कानाला लावून बेअरिंग कसं ऐकायचं, हे शिकवणारे कान आहेत ते बाबा, त्यांची हेळसांड मला बघवत नाही. कान तपासायला गुरुवारी सकाळी 11 ची वेळ रत्नागिरीला घेतली आहे. दुखत वगैरे काही नाही. बंद खोलीत कानाला हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं, अर्ध्या तासात सुटका. कदाचित नुसता मळ निघेल. मशीन लागलंच तर हल्लीची कानामागे दिसतही नाहीत, पण ते नंतरचं नंतर बघू. गाडी सांगितली आहे, ती दारातच येईल, एसी सौम्य ठेवायला सांगितलंय.

आई, बीपीच्या गोळ्या रिकाम्या पोटी नको, डबा बरोबर घे. थर्मासही. मागच्या सीटवर बाबांच्या कमरेमागे उशी लाव, ते नको म्हणतील तरी लाव. आणि तपासणीला खोलीत तू बरोबर जा, नाहीतर बाहेर येऊन ते "सगळं ठीक आहे" एवढंच सांगतील.

तुमची,
ताई

ता. क. क्रॉसचं पार्सल बुधवारपर्यंत येईल. खोक्यात प्रत्येक क्रॉसबरोबर चार सर्क्लिप आहेत का ते मोजून मगच फिटरच्या हातात द्या. जुन्या सर्क्लिप परत वापरू देऊ नका.