ल्युकेमियाचा नमुना वेळेत पोहोचू द्या

महोदय,

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, अंगावर निळे डाग उठले. डेंगी समजून चार दिवस गेले. मग रक्ताच्या काचेवर अपरिपक्व पेशी दिसल्या आणि तीव्र ल्युकेमियाचे, म्हणजे वेगाने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे, नाव निघाले.

पण हा आजार एकच नसतो. फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींवरच्या खुणा लेसरने ओळखणाऱ्या तपासणीने, पेशीचे कूळ कळते, गुणसूत्रे आणि जनुके तपासली की पुढचा अंदाज बांधता येतो. १५ आणि १७ या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून होणारा प्रोमायलोसायटिक प्रकार पहिल्या काही दिवसांतच रक्तस्रावाने जीव घेऊ शकतो. हाच प्रकार एट्रा आणि आर्सेनिक ही औषधे वेळेवर मिळाली तर बहुतेकदा बरा होतो! म्हणूनच नुसता संशय आला तरी अहवालाची वाट न पाहता एट्रा सुरू करतात. ती गोळी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हवीच.

गुणसूत्रांच्या तपासणीला जिवंत पेशी लागतात. आमचा अस्थिमज्जेचा नमुना देवगडहून मुंबईला पोहोचायला इतका उशीर झाला की प्रयोगशाळेत पेशी वाढल्याच नाहीत. पोराच्या मज्जेत पुन्हा सुई घालावी लागली. त्याचे कण्हणे अजून कानात आहे.

कोकण रेल्वे रोज धावते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून असे नमुने त्याच दिवशी पाठवण्याची सोय आरोग्य खात्याने करावी.

– एक वाचक, देवगड