आमच्या लेकीसाठी खुर्ची सोडून उभ्या राहिलेल्या फिजिओ मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार मानू नका असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात. परवा लेक स्केटिंगच्या रिंकवरून आली, बूट काढले, हातपाय धुतले आणि ताट घेऊन सरळ जमिनीवर मांडी घालून जेवायला बसली. तिला स्वतःला त्याचं काही वाटलं नाही. तिच्या आईच्या हातातली पोळी मात्र तव्यावर करपली. त्या क्षणापासून हे पत्र डोक्यात घोळतंय.

गेल्या पावसाळ्यात ती पडली. धक्का नाही, टक्कर नाही. कोरड्या, सपाट रिंकवर वळणातून बाहेर येताना पाय पुढे निसटले आणि बूड थेट काँक्रीटवर आपटलं. उठली, पुन्हा दोन चकरा मारल्या. रात्री पालथी झोपली. तेरा वर्षांच्या मुलीला बापाजवळ बोलायला लाज वाटावी अशी ती जागा. हाताला लागलं असतं तर प्लास्टरवर मैत्रिणींनी सह्या केल्या असत्या. माकडहाडाचं दुखणं कोणाला दाखवायचं?

आणि ज्यांना सांगितलं त्यांनी काय केलं तेही लिहितो, कारण तो राग अजून गेलेला नाही. तिचे तेव्हाचे सर म्हणाले, "पडल्याशिवाय कोणी स्केटर होत नाही. ती घाबरायला लागलीये, दुसरं काही नाही." एका मोठ्या दवाखान्यात आम्ही नंबर लावून आत गेलो तर पहिला शब्द "बस". ती उभीच राहिली. "अगं बस ना, किती वेळ घेणार?" एक्स-रेची फिल्म खिडकीकडे धरून पाहिली, फ्रॅक्चर नाही, म्हणजे काही नाही. डावा गुडघा तर त्याच्याही आधीपासून दुखत होता, वाटीच्या खाली टणक टेंगूळ आलं होतं. ते दाखवलं तर उत्तर मिळालं, वाढीचं वय आहे, कॅल्शियम द्या, खेळ बंद करा. शाळेत आम्ही एवढंच मागितलं होतं की अधूनमधून तिला वर्गात मागे उभं राहू द्या. त्यावर सगळ्या वर्गासमोर "नाटकं" हा शब्द वापरला गेला. ओळखीतल्या एकाने हाड खेचून बसवून देणाऱ्याचा पत्ता दिला. दुसऱ्याने मूळव्याधीच्या पेशंटला देतात ती हवेची गोल रिंग आणून दिली. ती बाकावर ठेवली तर मुलं हसली. पोरीने ती दप्तरात कोंबली आणि पुन्हा बाहेर काढली नाही.

तिचं बोलणं कमी होत गेलं. दुखतंय का विचारलं की "नाही" म्हणायची. इतक्या जणांनी काही नाही म्हटल्यावर तिला वाटायला लागलं होतं की खरंच काही नसेल, आपणच कमकुवत आहोत. हाडापेक्षा मला याची जास्त भीती वाटत होती.

मग तुमचा दवाखाना. लहानशी खोली, दोन खुर्च्या, एक टेबल, एक पलंग. तुम्ही बसून काहीतरी लिहीत होतात. वर पाहिलंत. ती दाराशी उभी, अंग एका बाजूला कललेलं, हात खुर्चीच्या पाठीवर. तुम्ही तिला बस म्हणाला नाहीत. पेन ठेवलंत, उठलात, तुमची खुर्ची पायाने मागे सारलीत आणि टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर येऊन उभ्या राहिलात. मी बसायला निघालो होतो, तोही तसाच राहिलो. त्यानंतर सगळं बोलणं आपण तिघांनी उभ्यानेच केलं. कागद तुम्ही भिंतीला टेकवून लिहिलेत. मध्ये फोन आला, तोही उभ्याने घेतलात. बाहेर पेशंट होते, दिवसभर काम करून तुमचेही पाय दुखत असणार, पण ती खोलीत असेपर्यंत तुम्ही त्या खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही.

मॅडम, तुम्हाला हे आठवतही नसेल. माझ्या लेकीचा चेहरा मी पाहत होतो. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. जिच्या दुखण्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं, तिला एका शब्दाशिवाय कळलं की समोरच्या बाईने ते खरं मानलंय. "कुठे दुखतं ते बोटाने दाखव" असं तुम्ही म्हणालात आणि मला खिडकीकडे तोंड करायला सांगितलंत. तिने दाखवलं. मला ऐकू आलं ते एवढंच: "बरोबर. इथे लागलं की फार दुखतं. तू इतके दिवस शाळेत बसत होतीस? कमाल आहे तुझी." ती तिथे पहिल्यांदा रडली.

आधी तुम्ही तिला विचारलंत, पायात मुंग्या येतात का, बसतो त्या भागात बधिरपणा आहे का, लघवीवरचा ताबा गेलाय का. यातलं काही असतं तर एक तासही न थांबता हाडांच्या डॉक्टरांकडे जा असं म्हणाले असते, हेही सांगितलंत. तसं काही नव्हतं. मग समजावलंत की माकडहाड म्हणजे तीन ते पाच लहान मणके जुळून झालेलं शेपटाचं टोक. त्याला चारी बाजूंनी स्नायू आणि बंध चिकटलेले असतात. ते मुरगळले, ठेचले तर फिल्ममध्ये दिसत नाहीत, पण दुखतात. हे दुखणं मुलींना आणि बायकांना जास्त होतं. बहुतेकांचं ऑपरेशनशिवाय बरं होतं, पण आठवड्यांत नाही झालं तर महिने लागतात, तेव्हा घाई नको. इतक्या साध्या भाषेत आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं.

आणि मग तुम्ही स्केट मागितलेत. मी गाडीच्या डिकीतून आणले. तुम्ही एकेक चाक उजेडाकडे धरून फिरवून पाहिलंत. मी नाशिकच्या सातपूरला मशीन शॉपमध्ये काम करतो, आमच्याकडेही टूल कुठे झिजलंय ते पाहूनच मशीनचं दुखणं ओळखतात, म्हणून तेव्हाच मनात म्हटलं, ही योग्य जागा आहे. नवीच घातलेली चाकं, पण उजव्या बुटाची आतल्या कडेने चांगली घासलेली आणि डाव्याची त्या मानाने कोरी. त्यातही मागची चाकं पुढच्यांपेक्षा जास्त झिजलेली. तुम्ही तिला विचारलंत, "डाव्या पायाने ढकलताना गुडघा दुखतो, म्हणून तो वाकवत नाहीस ना?" तिने मान हलवली.

तिथे सगळा उलगडा झाला. गुडघा दुखतो म्हणून ती तो सरळ ठेवते. गुडघे सरळ झाले की वजन टाचांवर जातं. वजन टाचांवर गेलं की जरा तोल ढळला तरी माणूस मागेच पडणार, आणि मागे पडला की माकडहाडावर. ज्यांना ती घाबरट वाटली, त्यांच्यासमोर ती रोज दुखऱ्या गुडघ्यावर धावत होती. गुडघा आणि माकडहाड ही दोन दुखणी नव्हती, एकाने दुसरं आणलं होतं, आणि हे पाहायला कोणी त्या दोन्ही गोष्टी एकत्र विचारल्याच नव्हत्या.

टेंगळाचं नावही तुम्ही सांगितलंत, ऑसगुड-श्लाटर. 1903 मध्ये एका अमेरिकन आणि एका स्विस डॉक्टरने वेगवेगळं लिहून ठेवलेलं दुखणं. शंभर वर्षांहून जुनं, खेळणाऱ्या मुलांमध्ये नेहमीचं, आणि आम्हाला कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या! वाढीच्या वयात हाड भराभर लांबतं, मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि वाटीखाली जिथे त्याचा दोर नडगीला जोडलेला असतो तिथलं अजून कच्चं हाड ओढलं जातं. उंची वाढायची थांबली की बहुतेकांचं शमतं. तोवर खेळ पूर्ण बंद करायची गरज नाही, भार कमी करायचा. दुखण्याला 0 ते 10 मध्ये आकडा द्यायचा, 3 पर्यंतचं दुखणं चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे, नाही उतरलं तर कालचा सराव जास्त झाला. हा हिशोब तुम्ही तिच्या हातात दिलात. माझ्या नाही, सरांच्या नाही, तिच्या. ती अजून वहीत आकडा लिहिते.

घरी काय काय केलं ते सगळं लिहीत बसत नाही. मागच्या बाजूने खाच कापलेली, पुढे उतार असलेली फोमची उशी एका गादीवाल्याकडून करून घेतली. गोल रिंगमध्ये मधला भाग लोंबकळून ताणला जातो, खाचेच्या उशीत माकडहाड मोकळं राहतं आणि वजन मांड्यांवर येतं, हे तुम्ही कागदावर चित्र काढून दाखवलंत. पुढे झुकून बसायचं, 20 मिनिटांनी उठायचं. पोट साफ राहिलं पाहिजे म्हणून पाणी, पपई, भाज्या. हा विषय तुम्ही इतक्या सहज काढलात की आमच्या घरात त्याची लाजच गेली. शाळेसाठी तुम्ही स्वतःच्या सहीने चार ओळी लिहून दिल्यात, "या मुलीला उभं राहण्याची मुभा असावी." ती चिठ्ठी नेल्यावर पुन्हा "नाटकं" हा शब्द आला नाही. सगळ्यात कठीण होतं पाथर्डी फाट्याहून तुमच्यापर्यंतचा रस्ता. कुंभमेळ्याच्या कामांसाठी शहर खोदलेलं, प्रत्येक खड्ड्याला मागून "आई गं". तुम्ही म्हणालात, आठवड्यातून एकदाच या, बाकीचे व्यायाम व्हिडिओ कॉलवर बघते. त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

व्यायामांचा तिला कंटाळा यायचा. कुशीवर झोपून पाय उचलणं, भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसणं, पायरीवरून एका पायावर हळू उतरणं आणि आरशात पाहणं की गुडघा आत वळत नाही ना. स्केटिंगची सगळी वळणं डावीकडेच, त्यामुळे दोन्ही पायांना काम सारखं मिळत नाही, म्हणून तुम्ही उजवीकडून वळायलाही लावलंत. गोडी लागली ती सप्टेंबरमध्ये. 2025 च्या त्या महिन्यात आपला स्केटर आनंदकुमार वेलकुमार चीनमध्ये 1000 मीटर स्प्रिंटमध्ये जगज्जेता झाला. ती पालथी पडून मोबाईलवर ती शर्यत पुन्हा पुन्हा बघायची. एकदा मला हाक मारून म्हणाली, "बाबा, त्याचे गुडघे बघा किती वाकलेत. मॅडम म्हणतात तेच, नाक, गुडघा, बुटाचं टोक एका रेषेत." त्या दिवसापासून भिंतीला टेकून बसायला तिला सांगावं लागलं नाही.

आणि पडायला शिकवणं! इतकी वर्षं फी भरली, तिला उभं राहायला, पळायला, ओलांडून पाय टाकायला शिकवलं गेलं. पडायचं कसं हे कोणी शिकवलं नव्हतं. तुम्ही पलंगावरची गादी जमिनीवर टाकलीत आणि आधी स्वतः पडून दाखवलंत. तोल गेला असं वाटलं की ताठ व्हायचं नाही, खाली बसायचं. हात गुडघ्यांकडे न्यायचे, गुडघ्याच्या पॅडवर पुढे घसरायचं, मग कोपर, मग मनगटाचं गार्ड, बोटं वर. मागे जातोय असं कळलं तर अंग वळवून कुल्ल्याच्या मांसल बाजूवर घ्यायचं, मागे हात टेकायचा नाही, नाहीतर मनगट जातं. आधी अनवाणी गादीवर, मग पॅड घालून गवतावर, मग रिंकवर. सैल पॅड पडताना खाली सरकतो आणि वाटी उघडी पडते, म्हणून मांडीचं माप घेऊन दुसरे घ्यायला लावलेत. मागे जाड पॅड असलेली आतली शॉर्टही. आमच्या रिंकवर मोठी मुलं पॅड घालणं कमीपणाचं मानतात. लेक आता सरावाला सगळं घालते आणि कोणी काही म्हणालं तर त्याला पडून दाखवते.

गेल्या महिन्यात ती खरंच पडली, वेगात. मी कठड्याशी होतो, श्वास अडकला. ती खाली बसली, पुढे सरकली, पॅड घासत गेले, उठली आणि पुढे निघून गेली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

नाशिकला खेळाडूंचं कौतुक आहे. सावरपाड्याच्या धावपटू कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरला ब्राँझ जिंकलं तेव्हा अख्खा जिल्हा नाचला होता. पदक आलं की हार घेऊन सगळे येतात. पदकाच्या आधी, पोर कोपऱ्यात कललेली उभी असताना तिच्याशेजारी येऊन उभं राहणारी माणसं मला फार थोडी भेटली. त्यासाठी मोठं मशीन लागत नाही, मोठी इमारत लागत नाही. ज्यांच्याकडे हे सगळं होतं त्यांनी आम्हाला दोन मिनिटं दिली. भलेपणा कोणी शिकवून येत असेल तर तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

आता एक मागणं आहे. आमच्या रिंकवर लहान मुलं पुष्कळ आहेत आणि नव्या सरांशी मी बोललोय, त्यांची तयारी आहे. एका रविवारी सकाळी येऊन सगळ्यांना पडायला शिकवाल का? गाद्यांची व्यवस्था मी करतो, टेम्पोही सांगून ठेवलाय. पालकांनाही बोलावतो, म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत फडक्यात गुंडाळून बर्फ कसा लावायचा, गुडघा अडकला, लगेच सुजला किंवा त्यावर उभं राहता आलं नाही तर वाट न पाहता डॉक्टरांकडे का जायचं, हे त्यांनाही तुमच्या तोंडून कळेल. लेक म्हणते, मॅडमच्या मदतीला मी उभी राहीन. तुमच्या सोयीची तारीख कळवा.

आपला कृतज्ञ,
एका स्केटर मुलीचा बाप
पाथर्डी फाटा, नाशिक