रक्ताच्या चिठ्ठीवर धंद्याचा रकाना द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

चिपळुणात माझी रक्त तपासणीची छोटी लॅब आहे. कोकणातल्या रिफायनरीवर तावातावाने बोलायला सगळे पक्ष तयार असतात. नाणार, बारसू ही नावे राज्याला पाठ झाली. पण आमच्या पोरांच्या नाकातोंडात आजच जे पेट्रोल जाते आहे, त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. हे पत्र त्या पेट्रोलमधल्या बेंझीन या विषारी द्रव्याबद्दल आहे.

देशात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलमध्ये आकारमानाने 1 टक्क्यापर्यंत बेंझीन चालते, म्हणजे लिटरमागे 10 मिलीलिटर. ते चटकन उडते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने गॅरेजच्या खड्ड्यात, टँकरच्या टाकीत, पेट्रोलवर चालणाऱ्या होडीच्या तळाशी साचून राहते. थोड्या वेळात बरीच वाफ छातीत गेली तर डोके दुखते, गरगरते, झापड येते, धडधडते. प्रमाण फारच वाढले तर माणूस बेशुद्ध पडून दगावतो. तसे झाले तर निदान पंचनामा तरी होतो. एरवी मोकळ्या हवेत आले की डोकेदुखी उतरते आणि माणूस पुन्हा कामाला लागतो.

खरी गोम पुढे आहे. शरीरात गेलेल्या बेंझीनचे यकृतात विघटन होते आणि त्यातून तयार झालेली द्रव्ये अस्थिमज्जेला, म्हणजे जिथे रक्तपेशी तयार होतात तिलाच, इजा करतात. वर्षानुवर्षे थोडे थोडे जात राहिले की पांढऱ्या पेशी, तांबड्या पेशी, प्लेटलेट कमी होऊ लागतात. काहींची मज्जा जवळजवळ बंद पडते, तो अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. काहींना तीव्र मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग होतो, तोही कधी कधी काम सोडून वर्षे लोटल्यावर. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझीन पहिल्या गटात, माणसाला कर्करोग करतात असे सिद्ध झालेल्या पदार्थांत, ठेवले आहे. हवेतल्या बेंझीनची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

वासावर विसंबून चालत नाही. बहुतेकांना बेंझीनचा वास येऊ लागतो तो हवेत दीड ते पाच पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत किती भाग, ते माप) दरम्यान. अमेरिकेत कामाच्या 8 तासांची सरासरी मर्यादा 1 पीपीएम आहे. म्हणजे नाकाला कळेपर्यंत ती ओलांडलेली असते. आणि तोंडाला रुमाल बांधून काही साधत नाही, वाफ कापडातून आरपार जाते.

आमच्याकडे गॅरेजात काय चालते ते आपण एकदा बघाच. कापलेल्या ऑइलच्या डब्यात पेट्रोल ओतायचे, कार्ब्युरेटरचे भाग त्यात बुडवून ब्रशने घासायचे आणि काम संपले की त्याच काळ्या पेट्रोलने कोपरापर्यंत हात धुवायचे. पेट्रोल काढायचे तर नळी तोंडाला लावून ओढायचे. पंपावरची पोरे दिवसभर नोझलपाशी उभी. पंपांवर वाफ परत खेचून घेणारी यंत्रणा बसवण्याचे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियम आहेत, पण ते मोठ्या शहरांतल्या मोठ्या खपाच्या पंपांसाठी. त्यात लोटे, महाडच्या औद्योगिक वसाहतींत सॉल्व्हंट, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणारी द्रव रसायने, हाताळणारे कंत्राटी कामगार धरा. ठेकेदार बदलला की त्यांचा आधीचा तपासणीचा कागदही गेला.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट सांगतो. पावसाळ्यात प्लेटलेट कमी दिसल्या की इथे निदान ठरलेले असते, डेंग्यू नाहीतर लेप्टो. बहुतेक वेळा ते बरोबरच असते. ताप उतरतो, पपईच्या पानांचा रस पिऊन होतो, पेशंट कामावर जातो. पण महिन्याभराने प्लेटलेट पुन्हा वर आल्या का, हे बघायला कोणी पाठवत नाही. हिमोग्लोबिन कमी आले तर लोहाच्या गोळ्या. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर नाव, वय, स्त्री की पुरुष एवढेच असते. तो पंपावर आहे की आंब्याच्या बागेत, हे मला कळत नाही आणि डॉक्टरही विचारायचे राहून जातात. यातल्या कोणाला बेंझीनने गाठले आहे असा माझा दावा नाही. गाठले असेल तर ते कळायची सोयच नाही, हे मात्र मी खात्रीने सांगतो.

कायदा नाही असेही नाही. बेंझीनसंबंधीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1971 चा करार भारताने 1991 मध्ये मान्य केला. कारखाने अधिनियमाने बेंझीनची विषबाधा डॉक्टरने सरकारला कळवायच्या आजारांत घातली. पण गॅरेज म्हणजे कारखाना नव्हे, आणि होडी तर नव्हेच.

म्हणून मागणी अशी. चिठ्ठीवर धंद्याचा रकाना छापा. पंप, गॅरेज, टँकर, होडीचे मशीन आणि सॉल्व्हंट यांवर काम करणाऱ्यांची वर्षातून एकदा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ द्या. सरकारी दवाखान्यांत ती महालॅब या सरकारी तपासणी योजनेमार्फत आजही मोफत होते, नवे यंत्र लागत नाही. अमेरिकेत बेंझीन ठरावीक पातळीवर गेले की मालकाला कामगारांची हीच तपासणी दरवर्षी करावी लागते. आकडा घसरलेला दिसला तर लवकरच पुन्हा रक्त घ्यावे, तरीही तसाच राहिला तर रक्तविकार तज्ज्ञाकडे पाठवावे. आणि सगळे आकडे एका कार्डावर लिहून ते कार्ड कामगाराच्या हातात द्यावे, ठेकेदाराच्या कपाटात नको.

सुरुवात चिपळूण आणि खेड तालुक्यांतून करायची असेल तर चिठ्ठीचा नमुना मी करून देतो.

आपला,
चिपळूणमधील एक लॅब टेक्निशियन